चढावरचा आवाज

वैजूने टर्बो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. आबांच्या कामाच्या टेबलावर, लोखंड पकडायच्या व्हाइसच्या शेजारी, तिने तो ठेवला, सुतळी सोडली आणि एक पाऊल मागे सरून उभी राहिली. गोगलगायीच्या शंखासारखं आत आत वळत गेलेलं ते जड धूड दुपारच्या तिरप्या उन्हात चमकत होतं. मी खिडकीखाली बसून व्हॉल्व्ह घासत होतो. माझा हात आपोआप थांबला.

आबांनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि पंच्याने मिशा पुसल्या.

"कशाला आणलंस हे?"

"बसवायला. ह्यानं गाडीचा जोर दीडपट होतो, आबा. सोबत एक छोटा कॉम्प्युटर येतो, सगळं तोच बघतो."

"आपल्या गाडीला नको."

"मग हेड घासून देणार?"

 आबा कप उचलून मोरीकडे जाता जाता म्हणाले, "हेड पण नको. आतल्या वाटा पॉलिश करून देतो. तेवढं बास झालं."

वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी व्हॉल्व्हकडे पाहिलं. घरात मतभेद झाला की हातातल्या वस्तूकडे बघत राहायचं, ही माझी तेव्हाची रीत होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. मागच्या अंगाला लेथ, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, आणि दाराच्या वर 'सुतार इंजिन वर्क्स' ही पाटी. माझी धाकटी बहीण वैजयंता सकाळी एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायची आणि उरलेला सगळा जीव घाटाच्या शर्यतींत गुंतवायची. या शर्यतीत गाड्या एकमेकींशी झुंजत नाहीत. एकेक गाडी एकटीच खालून सुटते आणि घड्याळाशी भांडत माथ्यावर पोचते. वैजूचा हात वळणांवर फार सुरेख चाले. पण आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला वरच्या लांब चढावर दम लागे, आणि खाली मिळवलेलं सगळं ती तिथे गमावून बसे. महिनाभराने वाघदऱ्याच्या घाटात शर्यत होती आणि त्या चढासाठी वैजूला जोर हवा होता.

इंजिनाचा जोर वाढवायच्या वाटा तशा थोड्याच. टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून पातळ केलं की आतली जागा आकसते, पेट्रोल आणि हवा अधिक दाबली जाते आणि दणका जोराने बसतो. आतल्या वाटा पॉलिश करण्याचा उपयोग मात्र सर्दी झालेल्या माणसाचं नाक मोकळं करण्याइतकाच.

आबांचं सारं नाव होतं ते हेड घासण्यात. तसं घासायला कुणालाही येतं. खरी परीक्षा पुढे, ठिणगीची वेळ लावताना असते. ठिणगी उशिरा पडली तर वाढवलेला जोर वाया जातो. फार लवकर पडली तर पेट्रोल अवेळी भडकतं आणि इंजिनातून बाटलीत खडे हलवल्यासारखा एक बारीक, कोरडा आवाज येतो. आमच्या धंद्यात त्याला नॉक म्हणतात. तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखा केला, तर पिस्टनला भोक पडतं. सपाटीवर असं झालं तर गाडी बंद पडते. घाटात, दरीच्या काठच्या वळणावर झालं, तर मागच्या वर्षी वाघदऱ्याच्या घाटातच एका साताऱ्याच्या मुलाचं झालं तसं होतं. इंजिन एकाएकी जाम झालं, चाकं धरली गेली, गाडी कठडा फोडून गेली. एका झाडाने तिला अडवलं म्हणून तो वाचला. त्याची गाडी वर ओढून काढत होते तेव्हा मी तिथे उभा होतो. गाडी ओढणाऱ्या ताणलेल्या तारेचा करकर आवाज पुढे कितीतरी दिवस माझ्या झोपेत येत असे.

आबा ठिणगीची वेळ कानाने लावत. इंजिन तयार झालं की ते गिऱ्हाइकाला घेऊन जोतिबाच्या चढाला जात, काच खाली करून डोकं बाहेर काढत आणि डोंगर कापलेल्या बाजूने गाडी पूर्ण जोरात चढवायला सांगत. दरडीवर आपटून इंजिनाचा आवाज परत येतो, त्यात नॉक स्पष्ट कळतो. आबा त्याला 'दरडीला विचारणं' म्हणत. नॉक येईल येईल असं वाटताच ते हात वर करत, खाली उतरून वेळ केसभर मागे घेत, आणि मग त्या इंजिनाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. सांगली-बेळगावकडची माणसं केवळ त्या कानासाठी आमच्याकडे येत.

त्याच आबांनी पोटच्या पोरीला नुसतं पॉलिश करून देतो म्हणावं, याचा मला उलगडा होईना.

पुढचे काही दिवस घरात आणि गॅरेजमध्ये एकच विषय फिरत राहिला. वैजू टर्बोची माहिती काढून आणायची आणि जेवताना आबांना ऐकवायची. आबा भाकरीचा तुकडा मोडत राहायचे. त्यांचं म्हणणं, टर्बोने इंजिन तापतं, तापलं की नॉक येतो आणि हे पोरखेळ घाटात नकोत. तिचं म्हणणं, मग तुम्ही हेड घासा, जगाचं घासता तसं. यावर आबा उठून टीव्ही लावायचे. बातम्यांच्या आवाजाने भांडी थरथरायची आणि आई आतून ओरडायची की सगळ्या गल्लीला फुकट बातम्या कशाला. शेजारच्या फाउंड्रीतले बाबूराव चव्हाण येताजाता आबांना डिवचायचे, की मास्तर, पोरीच्या गाडीला नुसती पावडर लावून धाडताय काय शर्यतीला. आबा हसायचे. ते हसणं मला खोटं वाटायचं, पण का, ते कळत नव्हतं.

एकदा आम्ही दोघंच असताना त्यांनी मला विचारलं, "निवास, तुला काय वाटतं? काय करावं?"

आबांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. माझ्या वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी मला स्पॅनर मागितला होता, मत नव्हतं. मी गडबडलो. म्हणालो, तुम्ही ठरवाल ते. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मान हलवली आणि कामाला लागले. मला वाटलं, त्यांना वैजूची भीती वाटते. मागच्या वर्षीची ती गाडी त्यांनीही पाहिली होती. आपल्या हातांनी तयार केलेला जोर आपल्याच मुलीला दरीत नेईल, या विचाराने त्यांचं धैर्य खचलं आहे, असा अर्थ मी लावला आणि त्या अर्थासोबत रात्रंदिवस कुढत राहिलो.

मग एक दिवस वैजू एक वाक्य बोलली. गॅरेजमध्ये बाबूरावही उभे होते. ती शांतपणे म्हणाली, "मी मुलगा असतो तर घासलं असतं हेड."

कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळे तिचं ते 'असतो' कुणाच्या कानाला खटकलं नाही. पण वाक्य सगळ्यांनाच लागलं. बाबूराव काहीतरी काम आठवून निघून गेले. आबांच्या हातात फडकं होतं. त्यांनी ते घडी घालून टेबलावर ठेवलं.

"उद्या गाडी आत घे," ते म्हणाले. "हेड घासतो."

मला वाटलं, वैजूचा चेहरा उजळेल. तो उतरला. तिने टर्बो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि फळीवर मागे सरकवून ठेवला. जिंकून ती अशी का वागते आहे, हेही मला कळलं नाही. त्या दिवसांत मला किती गोष्टी कळत नव्हत्या याचं आज आश्चर्य वाटतं.

आबांनी हेड घासलं. त्या कामात त्यांचा हात पूर्वीसारखाच स्थिर होता. पाठीमागून पाहताना मला क्षणभर सारं काही सुरळीत आहे असं वाटून गेलं. इंजिन पुन्हा गाडीत चढलं, पहिल्या किल्लीला सुरू झालं. वैजू पेट्रोल आणायला गेली होती. मी ऑइल आणायला कोपऱ्यावर गेलो, दुकान बंद दिसलं म्हणून लगेच परत फिरलो.

आबा बॉनेटखाली वाकले होते. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर असे. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतला बारीकसारीक आवाज लोखंडातून वर येतो. हे सगळेच मिस्त्री करतात. पण त्या दिवशी मूठ आबांच्या कानाला नव्हती. त्यांनी ती दातांत धरली होती. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या, जबडा आवळलेला. ऐकणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. अंधारात भिंत चाचपडत दार शोधणाऱ्या माणसाचा होता.

मी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. मी आणखी जवळ जाऊन हाक मारली. इंजिन काही फार मोठ्याने चालत नव्हतं.

मी पाऊल न वाजवता बाहेर आलो, आणि मग स्वतःच्याच सावधपणाचं हसू आलं, रडूही आलं. पाऊल वाजलं असतं तरी काय बिघडणार होतं? टीव्हीचा तो आवाज. बोलताना माझ्या तोंडाकडे लागलेली नजर. गिऱ्हाइकाला नेहमी उजवीकडे उभं करणं. आणि आधी टर्बोला नकार, मग हेडलाही नकार. ज्यात नॉक ऐकावा लागणार नाही असं एकच काम आबांनी स्वतःहून देऊ केलं होतं, आणि आम्ही त्यांना त्या कामावरून हुसकून लावलं होतं.

आता हेड घासलेलं होतं. घासलेलं लोखंड परत येत नाही. दातांतून फार तर बेअरिंगची घरघर कळेल. चढावर हवेतून येणारा तो बारीक, कोरडा आवाज दात कसा ऐकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जोतिबाच्या चढाला गेलो. वैजू चालवत होती, आबा तिच्या शेजारी, मी मागे. वाटेत मी कितीदा तरी बोलायचं ठरवलं. बोललो तर वैजूसमोर त्यांचं सारं आयुष्य उघडं पडणार होतं, आणि न बोललो तर वैजूचा जीव पणाला लागणार होता.  केर्ली गाव मागे पडलं, रस्ता चढू लागला. आबांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि हाताने खूण केली. वैजूने तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर तळाला नेला.

दरड अगदी जवळून सरकू लागली. तिच्यावरून इंजिनाचा आवाज परत येत होता, भरीव, गोल, सुंदर. आबांच्या हाताखाली तयार झालेल्या इंजिनाचा. आणि मग त्या गोल आवाजाच्या कडेला, कुणी मुठीत खडे खुळखुळवावेत तसा, तो आला.

आबांचं डोकं हललं नाही. त्यांचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. "छान चाललंय," ते आत वळून म्हणाले. "वेळ अजून जरा पुढं घेऊ."

पुढे. मला काही सुचेना.  मग माझा हातच पुढे गेला. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

ते क्षणभर निश्चल राहिले. वळून पाहिलं नाही. माझ्या बोटांखाली त्यांचा खांदा आधी कडक झाला, आणि मग सावकाश, फार सावकाश सैल पडला.

"न्हाई, बास," ते म्हणाले. "थांबव वैजू. मागं घेतो."

खाली उतरून त्यांनी ठिणगीची वेळ मागे घेतली. आम्ही पुन्हा चढलो. नॉक आला, मी खांदा दाबला, त्यांनी हात वर केला. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो.  शेवटी सबंध चढावर दरडीवरून केवळ तो गोल आवाज येत राहिला, आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर नुसताच पडून राहिला. आरशात वैजूचे डोळे दिसले. ते रस्त्यावर नव्हते, माझ्या हातावर होते.

माथ्यावर एका टपरीपाशी आबा हात धुवायला गेले. वैजू बॉनेटला टेकून उभी होती.

"तुला कधीपासनं माहीत हाय, दादा?"

मी म्हणालो, काल.

"मला दिवाळीपासनं. मागनं हॉर्न दिला तर बाजूला सरले न्हाईत. गाडी अंगावर जाता जाता राहिली." तिने ओठ चावला. "त्या टर्बोच्या कॉम्प्युटरला कान असतो. इंजिनाला चिकटवायचा. नॉक आला की तोच ओळखतो, तोच वेळ मागं घेतो. म्हटलं, तो लावला की आबांना कुणी काही विचारायलाच नको. त्यांचं नाव पण राहील."

"मग ते 'मी मुलगा असतो तर'..."

"मला वाटलं, चिडून टर्बो लावतील." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "हेड घासायला बसतील असं कुठं वाटलं होतं?"

आम्ही दोघं टपरीकडे पाहत राहिलो. आबा रुमालाने एकेक बोट पुसत होते, अनावश्यक काळजीने, जणू आम्हाला बोलायला वेळ देत होते. मी वैजूला म्हणालो की या वर्षी जाऊ नकोस. शर्यतीच्या दिवशी ऊन वेगळं असेल, पेट्रोल वेगळं असेल, आज जुळलेलं तिथे जुळेलच असं नाही. आणि माझ्या कानाचा काय भरवसा, मी काही आबा नाही. हे सारं मी एका दमात बोललो. इतकं सलग मी तिच्याशी क्वचितच बोललो असेन.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबांनी केलेलं इंजिन हाय. न्हाई गेलो तर का न्हाई गेलो ते सगळं उद्यमनगर विचारील. त्यांना काय सांगायचं? तू सांगशील?"

माझी नजर पुन्हा टपरीकडे गेली.

"तुझ्या कानावर जातो," वैजू म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

वाघदऱ्याच्या शर्यतीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की मिक्सर लागला, कुणी डब्यात शेंगदाणे ओतले, पोरांनी गोट्या खुळखुळवल्या, की माझ्या छातीत धस्स होई. आबांशी मी नेहमीसारखाच वागत होतो. तेही. फक्त कामात काही विचारायचं झालं तर मी आता समोर जाऊन उभा राहत असे, आणि ते न बघितल्यासारखं करत माझ्या ओठांकडे बघत.

शर्यतीच्या सकाळी ढग असतील अशी माझी आशा होती. आकाश निरभ्र निघालं. वैजूची पाळी येईपर्यंत डांबर तापून मऊ पडलं होतं, आणि घाटाच्या पायथ्याशी वारा नव्हता. आबांनी बॉनेट उघडलं, इंजिनाजवळ हात धरून धग पाहिली आणि तसेच वाकलेले राहून मला म्हणाले, "ऊन वाढलंय. काय करू?"

भोवती माणसं होती. बाबूरावही मुद्दाम आले होते. मी म्हणालो, "जरा मागं घ्या, आबा."

"जोर कमी होईल."

"होऊ दे."

त्यांनी मागे घेतलं. आपण लावलेल्या वेळेला पुन्हा कुणी हात लावायचा नाही हा त्यांचा दंडक होता, आणि तो त्यांनी माझ्या एका शब्दावर, सगळ्यांदेखत मोडला. वैजूने हेल्मेटमधून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती गेली.

आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला, गर्दीपासून जरा दूर उभे होतो. गाडी पहिल्या वळणामागे दिसेनाशी झाली आणि आवाज तेवढा उरला. आबा रस्त्याकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मी बोलू लागलो. दुसऱ्या वळणाला लागली. गिअर खाली घेतला. बाहेर पडली, सरळ आहे, चांगली ओढतीय. आता पुलापाशी असेल. आवाज गोल आहे, आबा, स्वच्छ आहे. मी बोलत होतो आणि प्रत्येक शब्दागणिक त्या आवाजाच्या कडा तपासत होतो, कुठे एखादा खडा हलतो का ते.  वरचा लांब चढ सुरू झाला. तिथे आवाज चढला, ताणला गेला, आणि डोंगराची सोंड आडवी आल्याबरोबर कुणी कापून टाकावा तसा नाहीसा झाला.

मी थांबलो. कान देऊन पाहिलं. खालच्या माणसांचं बोलणं, कुठेतरी एक कावळा, बाकी काही नाही. तिथेच वर तो कठडा होता. मागच्या वर्षीचा.

आबा वाट पाहत होते. मला खोटं बोलवेना.

"आबा, मला आता काही ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्या तोंडावरची नजर काढली आणि वर घाटाकडे लावली.

"मला पण न्हाई," ते म्हणाले. "लई दिवस झाले."

हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. आवाजात तक्रार नव्हती, थकवाही नव्हता. मी त्यांच्याजवळ सरकलो. आम्ही दोघं त्या शांततेत उभे राहिलो. तिथे माझ्या कानाचा आणि त्यांच्या कानाचा उपयोग सारखाच होता.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. खाली घड्याळाजवळ एक माणूस वॉकीटॉकी घेऊन बसला होता. त्यातून खरखर आली, आणि त्या खरखरीत एक शब्द. आबांची त्या बाजूला पाठ होती. ते अजून वरच बघत होते.

मी त्यांच्या समोर गेलो, माझे ओठ त्यांना नीट दिसतील असा उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो, आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावल्यावर सावकाश म्हणालो, "पोचली, आबा."